झाडलेलं रान

पंचशीला सोनकांबळेला राग आला की ती बोलत नाही, पदर कमरेला खोचते. लातूरकडच्या मुरुडपासून आठ किलोमीटरवरच्या ढाळेवाडीत हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तिनं पदर खोचलेला दिसला की तिचा नवरा आनंदराज आपल्या जीपचं बॉनेट उघडून उगाच आत डोकं घालतो, आणि गटातल्या बायका एकमेकींच्या मागं सरकतात. एकटी तिची सासू कोंडाबाई जागची हलत नाही. सत्तरी गाठलेल्या त्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांच्या रानात मजुरी केली, तालेवार माणसांचे राग बघितले. सुनेचा राग तिच्या खिजगणतीत नसतो.

पण त्या दिवशी सकाळी पंचशीलानं पदर खोचला आणि कोंडाबाईसुद्धा दोन पावलं मागं सरली. सरकारी पाहणीला दीड तास उरला होता आणि सासूबाईंनी रान झाडून लख्ख करून ठेवलं होतं.

आता रान झाडलं तर एवढं आभाळ कोसळायचं काय कारण, असं वाचणाऱ्याला वाटेल. कोंडाबाईलाही तेच वाटत होतं.

पंचशीला मूळची नांदेडजवळच्या विष्णुपुरीची. वडील धरणाच्या कामावर मजूर होते, आणि मजुराच्या पोरीनं बारावी करून दाखवली याचं त्यांना इतकं अप्रूप की तिची गुणपत्रिका चौकटीत बसवून त्यांनी बाबासाहेबांच्या फोटोखाली टांगली होती. तिला नर्स व्हायचं होतं. ते राहिलं, लग्न झालं, आणि ती लातूर जिल्ह्यात तीन एकर मुरमाड रानाची सून होऊन आली. रानाला आधी ती नाकं मुरडायची. मग एकदा सासूनं त्या तीन एकरांची कथा सांगितली आणि तिची नाक मुरडायची सवय गेली.

ते रान म्हणजे गावचं गायरान. गुरांनीही तोंड लावू नये असलं. कोंडाबाई आणि तिच्या नवऱ्यानं तरणेपणी तिथले दगड वेचले, बाभळी काढल्या आणि ज्वारी पेरली. दोनदा सरकारचा कागद आला, अतिक्रमण आहे, उठा. एकदा तर उभ्या ज्वारीत ट्रॅक्टर घातला. कोंडाबाईला वाचता येत नाही, पण ते दोन्ही कागद तिनं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेत. का ठेवलेत विचारलं की म्हणते, "दुश्मनाचा फोटो घरात असावा." पुढं बऱ्याच वर्षांनी, मोर्चे, खेटे, तारखा सगळं होऊन सातबाऱ्यावर नाव लागलं. तेव्हा नवरा हयात नव्हता.

दोन वर्षांपूर्वी गावात सेंद्रिय शेतीची सरकारी योजना आली. वीसजणांचा गट करायचा, तीन वर्षं रानात रासायनिक खत नाही, औषध नाही, आणि तिसऱ्या वर्षाअखेरीस सगळ्या गटाला मिळून प्रमाणपत्र. हातात कोणाला पैसा मिळत नव्हता. सरकार खर्च करणार होतं ते माती तपासण्यावर, शेण-गोमूत्र कालवायच्या पिंपांवर, शिकवायला येणाऱ्या माणसावर आणि शेवटच्या तपासणीवर. बापईमाणसं ऐकून उठून गेली. राहिल्या त्या बायका. पंचशीला त्यांची प्रमुख झाली, म्हणजे खरं सांगायचं तर वही लिहिण्याइतकं अक्षर तिचंच बरं होतं.

या गटाची एक रीत होती, आणि सगळं त्या रीतीवर चालत होतं. कोणी आपल्या रानाची ग्वाही आपण द्यायची नाही. गटातल्या रेणुकाचं रान पंचशीलानं बघायचं, पंचशीलाचं तिसरीनं, आणि जे दिसेल ते त्याच दिवशी वहीत लिहायचं. एकीनं चोरून फवारलं तर वीसजणींचं प्रमाणपत्र जाणार. त्यामुळं बायकांचं लक्ष असं की शेजारणीच्या बांधावर नवी बाटली दिसली तरी दुपारपर्यंत चौकशी पूर्ण व्हायची.

पहिल्याच पावसाळ्यात ही रीत पंचशीलाच्या घरावर आली. आनंदराजनं बायको बाहेरगावी गेलेली पाहून रस्त्याकडच्या बांधालगत तणनाशक मारलं. बिचाऱ्याला वाटलं, तण गेलं की बायको खूश होईल. बायकोनं परत येऊन पिवळं पडलेलं गवत पाहिलं, पदर खोचला आणि वहीत नवऱ्याचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं. बांधालगतचा सहा ओळींचा तो पट्टा दगड मांडून वेगळा काढला. त्याची तूर गटाच्या पोत्यात जात नाही. आनंदराज अजूनही त्या पट्ट्याजवळून जाताना मान दुसरीकडं वळवतो, आणि बायकांनी त्या पट्ट्याला 'भावजींचं रान' असं नाव ठेवून त्याची पुरती शोभा केली आहे.

पहिल्या वर्षी पिकाचा उतारा चांगलाच घसरला. खताच्या दुकानाचे मालक साहेबराव पारावर बसून म्हणायचे, "सरकारचा पैसा गांडुळाच्या तोंडात घालायलेत ह्या बाया." साहेबराव तसा वाईट माणूस नव्हे. अडीनडीला बियाणं देणारा, लग्नात जेवण वाढायला उभा राहणारा. पण वीसजणी दुकानाची पायरी चढायच्या बंद झाल्यावर माणूस काय कौतुक करणार?

दुसऱ्या वर्षी रान सावरायला लागलं. ते सावरलं पांघरुणानं. सोयाबीनचं भुसकट, उपटलेलं तण, झडलेला पाला, सगळं तुरीच्या दोन ओळींमध्ये पसरून ठेवायचं, फक्त 'भावजींच्या रानात' नाही. शिकवायला येणारा माणूस त्याला आच्छादन म्हणायचा, बायकांनी त्याचं पांघरूण केलं. पांघरुणाखाली ओल टिकते, गांडुळं वर येतात, माती हातात घेतली की भुगा होते. पंचशीलाला ती माती बघून खरंच भरून यायचं. मात्र वरून बघणाऱ्याला ते रान दिसायचं गबाळं, केरकचऱ्यानं भरलेलं. कोंडाबाई तर दोन वर्षं एकच पालुपद लावून होती: "रान हाय का उकिरडा?" दुसऱ्यांची खळी सारवून, झाडून जिचा जन्म गेला, तिला आपल्याच रानात कचरा पसरलेला बघवत नव्हता. सून शिकलेली म्हणून हात लावायची नाही, एवढंच.

तिसरं वर्ष तोंडावर आलं आणि वरून पत्र आलं. योजनेवर खर्च फार होतो, फायदा दिसत नाही, अशी चर्चा सुरू होती. म्हणून प्रत्येक गटाची पाहणी होणार. जिथं काम दिसेल तिथंच तिसऱ्या वर्षाचा निधी, बाकीचे गट बंद. गट बंद म्हणजे प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नाही म्हणजे दोन वर्षं सोसलं ते फुकट, आणि माल पुन्हा इतरांच्या ढिगात, त्याच भावानं. ढाळेवाडीची पाहणी नोव्हेंबरात ठरली. नेमकं त्याच सुमारास विष्णुपुरीला पंचशीलाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. आठ दिवसांसाठी जाताना ती सगळ्यांना बजावून गेली, "मी पाहणीच्या आदल्या दिवशी येते. पिंपं भरून ठेवा, वही पेटीत आहे." रानाविषयी ती काहीच बोलली नाही. रानाविषयी काही सांगावं लागेल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

आईची पट्टी सोडायला एक दिवस उशीर झाला. पहाटेच्या गाडीनं लातूर, तिथून आनंदराजच्या जीपनं गाव. वाटेत आनंदराज गालातल्या गालात हसत होता. "आयनं तुला खूश करायचं ठरवलंय," एवढंच म्हणाला.

रानाच्या तोंडाशी चुन्याची फक्की मारून रांगोळी काढली होती. त्यामागं तुराट्यांचे खराटे हातात घेऊन कोंडाबाई, रेणुका आणि आणखी सातजणी ओळीनं उभ्या होत्या, सगळ्या धुतलेल्या लुगड्यांत. आणि त्यांच्यामागं तीन एकर रान. एक काडी नाही, एक पान नाही. पांघरूण सगळं ओढून पलीकडच्या बांधावर ढीग घातलेला. सात दिवस ऊन खाल्लेल्या काळ्या-तांबड्या मातीला तुरीच्या ओळींमधून बारीक भेगा पडायला लागल्या होत्या. रस्त्याकडची नऊच्या नऊ रानं अशीच.

"आता ग बया," पंचशीला एवढंच म्हणाली. मग तिनं पदर खोचला.

"काय झालं?" कोंडाबाई दोन पावलं मागं जाऊन म्हणाली. "सायेब यायलेत ना? आठ दिस कंबर मोडली आमची. कसं आरशावानी दिसायलंय बग."

"आत्या, सायेब ह्या कचऱ्यालाच बघायला यायलेत!"

कोंडाबाईच्या हातातला खराटा हळूहळू खाली टेकला. तिचं तोंड असं उतरलं की पंचशीलाचा राग जागच्या जागी अडकून पडला, ना बाहेर येई ना आत जाई.

रेणुका चलाख. ती पुढं येऊन म्हणाली, "पयल्या धा ओळीत पसरून टाकू की परत. जीप हाय, माणसं हायत. सायेब काय आत शिरणार हाय व्हय? बांधावरूनच बगून जातात." आनंदराजनं तर ऐकता ऐकता जीपची मागची फळी पाडलीसुद्धा.

दहा ओळी तासाभरात सहज झाल्या असत्या. पंचशीलाचंही मन क्षणभर तिकडं ओढलं गेलं, खोटं कशाला सांगा. वीसजणींच्या दोन वर्षांचा प्रश्न होता. पण रेणुकाच्या खांद्यावरून तिला दगड मांडलेला तो पट्टा दिसला. नवऱ्याचं नाव ज्या वहीत लिहिलं, त्या वहीत आज काय लिहायचं? तिनं जीपमधल्या पिशवीतून पेन काढलं, रेणुकानं आणलेली वही घेतली आणि बांधावर बसून लिहिलं: 'नऊ रानांतील आच्छादन पाहणीपूर्वी काढले. चूक गटाची. सांगायचे राहिले ही चूक प्रमुखाची.' खाली सही केली आणि पदर सोडला.

पाहणीला आल्या त्या मालविका पाठक, लातूरच्या कार्यालयातल्या. पस्तिशीच्या, चष्मा, पायात बूट. लातूर शहरात वाढलेल्या, आईवडील दोघं शिक्षक. आधीच्या दोन गावांत हार घालून त्यांचा अर्धा दिवस खाल्ला होता, त्यामुळं त्या जरा वैतागूनच उतरल्या. मागोमाग गावातली चार माणसं आली, त्यांत साहेबराव होते.

मालविकाबाईंनी रान बघितलं, हातातला कागद बघितला, पुन्हा रान बघितलं. "इथं आच्छादन आहे असं गेल्या अहवालात लिहिलंय."

"होतं, मॅडम." पंचशीलानं वही पुढं केली.

बाईंनी ते दोन ओळींचं लिखाण वाचायला बराच वेळ घेतला. "हे तुम्ही आज लिहिलंत? मी यायच्या आधी?"

"हाव."

"मग मी बघू काय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, अडचण होती. "ताई, वर विचारतात. पहिल्या वर्षी उतारा घसरला, दुसऱ्या वर्षी जेमतेम भरून आला. सरकारनं यावर खर्च का करायचा? मला काहीतरी दाखवायला लागतं."

"तेच मनतो मी," साहेबराव मागून म्हणाले. "ज्याला असली शेती करायची हाय त्यानं आपल्या जिवावर करावी. सरकारचा आधार कामून लागतो?"

पंचशीला साहेबरावांकडं वळली. "दादा, तुमच्या दुकानातलं युरियाचं पोतं एवढं स्वस्त कसं मिळतं? सरकार मागून भरतं मनून. माझ्या सासऱ्याच्या काळापासून भरतंय. त्याला कोणी आधार मनत न्हाई, त्याची कोणी पाहणी करत न्हाई. आणि ते चुकीचं हाय असं मी मनत न्हाई. शेतकऱ्याच्या मागं सरकार उभं राहिलं, चांगलंच केलं. मग आमच्याच मागं उभं राहायला एवढा विचार का?" मग ती बाईंकडं वळली. "मॅडम, रान बदलायला तीन वर्षं लागतात. सवय मोडलेल्या रानाला पयल्या वर्षी काही सुधरत न्हाई, आणि ते वर्ष एकटीनं सोसायची ताकद तीन एकरवालीत नसते. मोठा बागायतदार सोसेल. आम्ही पयल्याच वर्षी मागं फिरू. सरकारनं तेवढी तीन वर्षं हात धरावा. चौथ्या वर्षी मी तुमच्या दारात आले तर हाकलून द्या. पण दोन वर्षं चालवून तिसऱ्याला हात सोडला, तर मग पयलं पाऊलच कशाला टाकायला लावलं?"

मालविकाबाई लिहीत होत्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, "बोलणं पटतंय. पण बोलणं अहवालात जात नाही."

तेव्हा इतका वेळ खराट्याला टेकून उभी असलेली कोंडाबाई हलली. तिनं कमरेचं खुरपं काढलं, आधी लाजवणारा एक कटाक्ष लेकाकडं टाकला आणि 'भावजींच्या रानात' जाऊन मातीत घाव घातला. ठक्कन आवाज झाला. महत्प्रयासानं एक ढेकूळ निघालं. ते तिनं डाव्या हातात धरलं, चालत झाडलेल्या रानात आली, खाली बसली आणि तिथं खुरपं घातलं. वरची चार बोटं कडक होती. त्याखाली खुरपं मुठीपर्यंत आत गेलं. ती खोदत राहिली. वीतभर खाली माती काळी, ओलसर, भुसभुशीत होती, आणि तिच्यात सात दिवसांच्या उन्हाला भिऊन खाली दडलेली दोन गांडुळं वळवळत वर आली.

"ही औषध मारलेली माती, ही आमची. खराटा वरचंच नेतो, मॅडम," ती दोन्ही हात पुढं करून म्हणाली. "आतलं हाय तसं हाय."

मालविकाबाई खाली बसल्या. बुटांना माती लागली तरी बसल्या. दोन्ही हातांतली माती त्यांनी चोळून पाहिली. मग अगदी सहज, घरच्या बाईला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आजी, एवढं छान रान, मग झाडलंत कशाला?"

कोंडाबाईनं सुनेकडं पाहिलं.

"बाई, ह्या रानात सरकार दोन बारी आलं," म्हातारी म्हणाली. "दोन्ही बारीला उठवायला आलं. एक बारी तर पोटऱ्यातली ज्वारी मोडली, माझं मालक आडवं पडलं ट्रॅक्टरपुढं. आता तिसऱ्यांदा यायलंय मनले, आन् ह्या बारीला बगायला यायलंय. आमच्या रानाला बगायला. पाव्हणं यायच्या आदी आपुन अंगण झाडत न्हाई व्हय?"

साहेबरावांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. आनंदराजनं जीपकडं तोंड फिरवलं. बॉनेट उघडायचंही त्याला सुचलं नाही. पंचशीलाला स्वतःच्या रागाची लाज वाटली, इतकी की डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि तिनं ते लपवलं नाही.

मालविकाबाईंनी चष्मा पुसला. "दोन ढेकळांवर मला शिफारस करता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण पाहणी अपुरी राहिली असं लिहिता येईल. मी पंधरा दिवसांनी परत येते. मातीचे नमुने घ्यायला माणूस आणते, त्या दगडांच्या पट्ट्यातलेही घेऊ." जाताना वळून म्हणाल्या, "आजी, या वेळी झाडू नका."

दुसऱ्याच दिवसापासून कोंडाबाईनं बांधावरचा ढीग टोपल्या टोपल्यांनी परत आणला आणि तुरीच्या ओळीत स्वतःच्या हातानं पसरला. कोणाला हात लावू दिला नाही. तोंडानं मात्र चालूच होतं, उकिरडा हाय उकिरडा. पंधराव्या दिवशी मालविकाबाई आल्या तेव्हा रान पाहिजे तेवढं गबाळं होतं. फक्त डांबरी रस्त्यापासून बांधापर्यंतची पायवाट कोणीतरी सकाळीच झाडून, वर सडा टाकून ठेवली होती. बाईंनी गाडी रस्त्यावरच थांबवायला सांगितली आणि त्या चालत आल्या.

जानेवारीत तुरीच्या शेंगा वाळत आल्या होत्या तेव्हा पत्र आलं. पोस्टमननं ते रानातच आणून दिलं. पाकिटावरचा सरकारी शिक्का बघून कोंडाबाई उठून उभी राहिली. सुनेनं पाकीट फोडेपर्यंत ती तिच्या तोंडाकडं बघत होती.

"उठा मनून लिव्हलंय का?" तिनं विचारलं.

पंचशीलानं पत्र दोनदा वाचलं. तिसरं वर्ष मंजूर होतं, वीसजणींचं.

"न्हाई, आत्या," ती म्हणाली. "पेरा मनून लिव्हलंय."

कोंडाबाईनं पत्र हातात घेतलं, उलटंसुलटं करून शिक्क्यावरून अंगठा फिरवला. संध्याकाळी घरी गेल्यावर तिनं पत्र्याची पेटी उघडली आणि ते जुन्या दोन कागदांच्या वर ठेवलं.